अकरा रिकाम्या बाटल्या

नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. आजी जिना चढून वर आली तेव्हा डोक्यावर टोपली नव्हती, हातात कापडी पिशवी होती आणि आत बाटल्या वाजत होत्या. मागून सून, तिच्या कडेवर पोरगा. वय दोन वर्षं एक महिना. तक्रार एकच: बोलत नाही.

मी मालवणकडच्या किनाऱ्यावर मुलांची डॉक्टर आहे. दवाखाना जुन्या माडीवर, जमीन लाकडी फळ्यांची. कोणी चाललं की सगळी खोली थरथरते. पुढे त्याचा संबंध आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आजीने टेबलावर बाटल्या मांडल्या. अकरा. सगळ्या रिकाम्या, धुतलेल्या, बुचं घट्ट लावलेली. डीएचएचं, म्हणजे एका ओमेगा-३ तेलाचं सिरप. एक बाटली सव्वातीनशेची, रोज एक चमचा दिला तर वीस दिवस पुरते. म्हणजे साडेतीन हजारांच्या वर गेले, त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, घरात आवक नाही. तरी एकही दिवस चुकला नाही, सुनेने सांगितलं. बाटली कोणी लिहून दिली होती? मीच. डिसेंबरात, पोरगा सतरा महिन्यांचा असताना.

केसपेपर काढला. माझंच अक्षर: ‘मुलगे उशिरा बोलतात, समजावलं. श्रवण ठीक. डीएचए रोज ५ मिली.’

हे सिरप खोटं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. डीएचए गर्भाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि पहिल्या दोन वर्षांत मेंदूत आणि डोळ्यांच्या पडद्यात साठतं. आईच्या दुधात ते असतंच. जवसातलं ओमेगा-३ निराळं, शरीर त्यातला अगदी थोडा भाग डीएचएमध्ये बदलतं. औषध कंपनीचा माणूस, एमआर, हे सगळं बरोबर सांगतो. इथे थांबतो, कारण पुढचं त्याच्या चकचकीत कागदावर नसतं. ऑस्ट्रेलियात दोन हजारांहून जास्त गरोदर बायकांवर डीएचए देऊन अभ्यास झाला, २०१० साली छापून आला. मुलांच्या भाषेत किंवा बुद्धीत फरक दिसला नाही. गरोदरपणात घेतलं तर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात, हे मात्र पुष्कळ अभ्यासांतून दिसलंय. २९ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना दिलं तर पाचव्या वर्षी बुद्ध्यांक साडेतीनेक गुणांनी जास्त भरला, हेही खरं. पण पूर्ण दिवसांचं, आईचं दूध प्यालेलं, बंदरावरच्या घरातलं पोर? त्याला चमच्याने द्यावं असं त्यात काहीच नाही.

मग लिहिलं का? सकाळच्या चाळीस मुलांत तीस सर्दीची. त्यांना औषध न देणं हेच निम्मं काम. ‘काहीतरी लिहून द्या ना’ याच्यापुढे दर वेळी उभं राहायला अंगात जोर लागतो, आणि दुपारी एकपर्यंत तो सरतो. मग आपण टॉनिक लिहितो. आम्ही सगळेच लिहितो, जे नाही म्हणतात तेही. उलट सरकारचं लोहाचं सिरप फुकट, आठवड्यातून दोनदा एक मिली. ते घरोघरी फळीवर पडून असतं, कारण दात काळे होतात आणि खोक्यावर हुशार मुलाचं चित्र नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ६९ मुलांना रक्तक्षय निघाला होता.

आजीने एक बाटली उचलली. “ह्या तेल कसला ओ, बाय?”

“शेवाळाचं, आजी. समुद्रातल्या बारीक शेवाळाचं.”

“मगे आमचो बांगडो काय खाता?”

मला हसू आलं. बांगडा, तारली तेच खाऊन मोठी होतात, म्हणून तर त्यांच्यात हे तेल. सून म्हणाली, पोराला मासा दिलाच नाही, काट्याच्या भीतीने, आणि बाटली चालू होती म्हणून. सगळ्या बंदराला बांगडे विकणाऱ्या घरातलं पोर नुसती पेज आणि शेवाळाचं तेल यांवर वाढलं होतं.

तोवर पोरगा कडेवरून उतरून खिडकीशी गेला होता. आजीने हाक मारली. बाजारात दोन गल्ल्यांपलीकडे पोचेल असा तिचा गळा आहे. खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं असेल. पोरगा हलला नाही. मग आजीने टाच उचलून फळीवर दाणकन आपटली. तो लगेच वळला आणि हसला.

“ह्येका अशीच हाक मारूची लागता.”

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

दवाखान्यात कान तपासायची एक रीत आहे. मूल आईच्या मांडीवर, समोर कोणीतरी खेळणं धरून. आपण मागे, नजरेबाहेर, कानाच्या उंचीवर, हातभर अंतरावर. सावली पडता कामा नये, हवा लागता कामा नये, फळी हलता कामा नये. टाळी नाही. आधी कागद चुरगाळायचा, मग हलकेच ‘स्स’. डिसेंबरात मी टाळी वाजवली होती आणि तो वळला होता. आज मी त्याच जागी उभी राहिले आणि समोर पाहिलं. औषधांचं काचेचं कपाट. काचेत मी, माझे दोन्ही हात. त्याने टाळी पाहिली होती.

जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं, मग गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात. बेरा तपासणीत आवाजाला मेंदूकडून उठणारी लहर मोजतात, त्याला मूल गाढ झोपावं लागतं, म्हणून रात्रभर जागं ठेवायचं आणि बसमध्येही डोळा लागू द्यायचा नाही. आजीने त्याला मांडीवर नाचवत नेलं. दोन्ही कानांत नव्वद डेसिबलच्या, म्हणजे खूप मोठ्या आवाजालाही लहर नाही. जन्मानंतर महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत श्रवणयंत्र, असा हिशेब पाठ असलेली मी, आणि पोरगा सव्वीसाव्या महिन्यात.

रिपोर्ट वाचून दाखवल्यावर सून एवढंच म्हणाली, “औषध बंद करूचा काय?”

“हो,” मी म्हणाले. आणि वर, “कधीकधी हे उशिरा लक्षात येतं.” काचेचं मात्र सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. यंत्रं बसली आहेत, तो ओढून काढतो, पुढच्या शस्त्रक्रियेचे कागद चालू आहेत. आजी दर वेळी बांगडे आणते आणि पैसे घेत नाही, ते मला फार जड जातं.

कपाटाला आता पडदा लावलाय. सिस्टरना औषधं दिसत नाहीत म्हणून त्या तो रोज वर खोचून ठेवतात. मी रोज खाली सोडते.