टरबूज वाकडं का झालं?

तक्रार बियाण्याची होती. चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात सात-आठ शेतकऱ्यांनी एकाच वाणाचं टरबूज लावलं होतं आणि सगळ्यांचीच फळं वाकडी धरली होती. एक बाजू फुगलेली, दुसरी दबलेली. कितीतरी फळं बोराएवढी होऊन पिवळी पडत आणि गळून जात. मल्चिंग, ठिबक, क्रॉप कव्हर म्हणजे वेलींवर अंथरायचं पातळ कापड, महागडं बी, सगळा खर्च करून झालेला. तालुक्याच्या तक्रार समितीकडे अर्ज गेला होता. त्या गावची कृषी सहायक म्हणून समितीच्या आधी पाहणी करून ठेवणं माझ्याकडे होतं.

मी सातच्या आत शेतावर पोहोचले, कारण टरबुजाचं फूल सकाळीच बघावं लागतं. दिवस उगवल्यावर ते उमलतं, दुपारपर्यंत मिटतं आणि पुन्हा कधीच उघडत नाही. वेल एकच, पण नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे लवदार, इवलंसं टरबूज आधीपासूनच असतं. ते मोठं व्हायचं की गळायचं, हे त्या एका सकाळीत ठरतं. पराग चिकट आणि जड असतो, वाऱ्यानं उडत नाही. तो कुणीतरी उचलून आणून द्यावा लागतो. मादी फुलाच्या कुक्षीचे, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाचे, तीन भाग असतात. तिन्हींवर मिळून पाचशे ते हजार परागकण पडले तर फळ चहूबाजूंनी सारखं भरतं. त्यासाठी मधमाशीच्या किमान आठ फेऱ्या एकाच फुलावर व्हाव्या लागतात.

मी वाफ्याच्या कडेला बसून राहिले. फुलं भरपूर होती. पानं स्वच्छ हिरवी, विषाणूची चट्टेपट्टे असलेली नक्षी कुठेच नाही, शेंडे धडधाकट. क्रॉप कव्हर फुलं लागताच काढलं होतं, तेही मी विचारून घेतलं. फुलांवर मुंग्या होत्या, एकदोन घरमाशा होत्या. मधमाशी मात्र एकही आली नाही. उन्हं चढेपर्यंत मी नजर हलवली नाही आणि मला खरोखर भीती वाटू लागली. एवढ्या मोठ्या शिवारात, एवढ्या फुलांवर, एकही नाही?

तोवर अर्जदार जमले. "बियामाच खोट शे, ताई," आप्पा म्हणाले. त्यांचाच प्लॉट होता तो. मी एक वाकडं फळ तोडायला सांगितलं आणि विळ्यानं आडवं कापलं. फुगलेल्या बाजूला बिया टपोऱ्या भरलेल्या. दबलेल्या बाजूला बियांच्या जागी नुसती चपटी पांढरी टरफलं. दुसरं कापलं, तिसरं कापलं, तसंच. ज्या बाजूच्या बिया भरत नाहीत, त्या बाजूचा गर वाढत नाही, म्हणून फळ वाकतं. बियाणं खोटं असतं तर सगळी फळं सगळीकडून बिघडली असती. इथे अर्ध्या कुक्षीला पराग मिळाला होता, अर्धीला नाही.

मी मधमाशीचं नाव काढलं तेव्हा आप्पांनी जे विचारलं ते मी विसरणार नाही. "केयले कधी माशी लागनी का, ताई?"

केळीला माशी लागत नाही, हे खरं आहे. आपली केळी परागीभवनाशिवाय धरते. तिच्या गाभ्यातले काळे ठिपके म्हणजे कधीच न भरलेल्या बिया. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी मुनव्यांवर, म्हणजे बुंध्याशेजारच्या फुटव्यांवर, आणि टिश्यू कल्चरच्या रोपांवर उभी आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पिकानं घर चालवलं, त्याला पाणी लागलं, खत लागलं, माणूस लागला, माशी कधीच लागली नाही. मग शेतीच्या हिशेबात माशी येणार कुठून? आता केळीच्या दोन बागांच्या मध्ये टरबूज आलं, काकडी आली, गिलकं आलं. ही सगळी पिकं माशीच्या जिवावर आहेत. पीक बदललं, पण शिवाराची वागणूक केळीचीच राहिली. गावाच्या टरबुजाचं दुखणं मला तिथे कळलं.

माशा गेल्या कुठे, ते आप्पांच्या आईनं सांगितलं. "टाकीवर आग्या मोहय व्हतं. लगीन व्हतं म्हनीसन जायी टाकं." पाण्याच्या टाकीखाली दरवर्षी आग्यामोहोळाची पोळी लागायची. कुणाला डसेल म्हणून रात्री टेंभे लावून ती जाळली होती. फुलोरी माशी, ती लहानगी, झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं करणारी, ती बांधावरच्या बोरी-बाभळीत असायची. ते बांध जेसीबीनं कोरले, उरलेल्या गवतावर तणनाशक गेलं. आणि आम्ही बोलत होतो तेव्हाच शेजारच्या रानात पंप सुरू झाला. फुललेल्या टरबुजावर, सकाळी साडेआठला, इमिडाक्लोप्रिड.

मी धावतच गेले. पंप चालवणारा पोरगा ठेक्यानं फवारणी करणारा होता. मी त्याला सांगितलं, "भाऊ, हे औषध माशीला मारतं. फुलं उघडी असताना नको." तो म्हणाला, ताई, ऊन चढल्यावर पाठीवर पंप घेऊन कोण फिरणार? त्याचं म्हणणं रास्त होतं. खान्देशातला मार्चचा उन्हाळा ज्यानं पाठीवर घेतला आहे, त्याला दोष देऊन भागत नाही. फुलं मिटल्यावर, दिवस कलता असताना फवारणी करायची तर ठेक्याच्या पोरांशीच ठरवावं लागेल, हे मला तिथे उमगलं. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही औषधं झाडात भिनून फुलांच्या मधापर्यंत जातात, म्हणून फुलोऱ्यात ती संध्याकाळीसुद्धा नकोत, हेही सांगावं लागेल. आणि एकट्या आप्पांनी पाळून उपयोग नाही. माशीला गट नंबर कळत नाही. ती आप्पांच्या फुलावरून उठून शेजाऱ्याच्या फुलावर बसते.

त्याच सकाळी आम्ही आणखी एक काम केलं. आप्पांच्या घरच्या बायकांना मी हातानं परागीभवन शिकवलं: ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, पराग मादी फुलाच्या तिन्ही भागांवर हलकेच फिरवायचा, आणि त्या देठाला लाल लोकरीचा धागा बांधायचा. काही मादी फुलांवर मलमलीच्या पिशव्या घातल्या, म्हणजे त्यांना काहीच शिवणार नाही. आठवड्याभरात गावच बघायला आलं. लाल धाग्याची फळं गोल, सारखी वाढत होती. पिशवीतली सगळी गळाली होती. मी कितीही बोलले असते तरी एवढं पटलं नसतं.

समिती आली, तिनंही फळं कापून पाहिली. बियाण्यात दोष नाही, परागीभवन झालं नाही, असा अहवाल गेला. नुकसानभरपाईची आशा त्यावर संपली. त्या पाहणीच्या टिपणावर सही करताना मला जड गेलं, कारण आप्पांचं कर्ज मला ठाऊक होतं. पण बी बदलून पुढच्या वर्षीही फळ वाकडंच आलं असतं.

मारुतीच्या पारावर बैठक झाली. कुणी म्हणालं, मधमाशांच्या पेट्या आणू भाड्यानं. हंगामापुरत्या आणायला माझी हरकत नाही, पण फवारा तसाच चालला तर पेटीतली माशीही मरेल. शेवटी गावानं ठरवलं ते असं: टरबूज, काकडी, गिलकं फुलात असेल त्या दिवसांत सकाळी पंप बंद, आणि कुठल्या बाजूला फुलं लागली ते देवळाच्या भोंग्यावरून सांगायचं. टाकीवरचं पोळं जाळायचं नाही. अगदीच धोक्याच्या जागी आलं तर सातपुड्याच्या पायथ्याचे, मध काढणारे पावरा आदिवासी बांधव बोलवायचे. धूर करून, पोळं न जाळता मध काढायचा त्यांचा हात बसलेला आहे. प्रत्येकानं एक तरी बांध न जाळता, न फवारता ठेवायचा. बायकांनी स्वतःहून सांगितलं की वाफ्याच्या कडेची कोथिंबीर आणि मोहरी फुलू देऊ, उपटणार नाही. ठिबकच्या टोकाशी पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवायचं, म्हणजे माशी बुडणार नाही. मला सगळ्यांत आवडलेली सूचना शाळेच्या गुरुजींची होती. रुई आणि तरोटा उपटू नका, त्यांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, आमची पोरं त्या मोजतील.

टरबुजाचं काम फुलपाखरू फारसं करत नाही, हे मी तिथे स्पष्ट सांगितलं. पण ज्या बांधावर फुलपाखराच्या अळीला पान मिळतं, तिथे माशीलाही फूल मिळतं, म्हणून पोरांची मोजणी मला मोलाची वाटते. लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी फुलपाखराची अळी आपण हटकून मारतो. बागायतदारानं नव्या रोपांवरची वेचली तर समजू शकतं. परसातल्या कढीपत्त्यावरची, बेलावरची तरी राहू द्यावी. २०१५ साली महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉरमॉनची अळीही याच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते, हे गुरुजींनी पोरांना सांगितलं तेव्हा अंगणात कढीपत्ता असलेल्या घरांची यादी पोरांनी तिथल्या तिथे केली.

वरच्या शिवारातले दोघं अजून सकाळीच फवारतात. पुढची खरी परीक्षा कपाशीची आहे. कपाशीला माशीवाचूनही बोंड धरतं आणि फवारण्या मात्र टरबुजाहून कितीतरी जास्त होतात, त्यामुळे तिथे कापून दाखवायला माझ्याकडे वाकडं फळ नसेल. बैलपोळ्याच्या आधी त्यासाठी पुन्हा पारावर बसायचं ठरलं आहे. त्याआधी पंप चालवणाऱ्या पोरांना मी वेगळी भेटणार आहे, कारण संध्याकाळच्या फवारणीला मजुरी किती धरायची, ते त्यांच्याशीच ठरवायचं आहे.