डावा कान: रेफर

जन्मानंतर तिसऱ्या दिवशी बाळाच्या फाईलला ऐकण्याच्या तपासणीची एक चिठ्ठी लागली. उजवा कान 'पास', डावा कान 'रेफर'. खाली शिक्का आणि 'पुन्हा तपासणी'. म्हणजे नेमकं काय, हे सांगायला कुणाला सवड नव्हती. बाळंतपण, बिल, डिस्चार्ज सगळं सुरळीत पार पडलं, पण या एका शब्दानं महिनाभर डोकं खाल्लं. आई म्हणायची, "अगं ऐकतंय की ते, भांडं पडलं की दचकतंय." तरी रात्री दोन वाजता उठून मी त्याच्या डाव्या कानाशी टिचक्या वाजवत बसायचे.

टिचक्यांचा काही उपयोग नाही. एका कानानं ऐकू येत असलं तरी बाळ दचकतं.

पुन्हा तपासणी फक्त बुधवारी, ११ ते १. पहिल्या बुधवारी पोचलो तर तपासणीची खोली टोकन काउंटरला लागून, मध्ये प्लायची भिंत. मशीन मोबाईलएवढं, वायरच्या टोकाला छोटा प्रोब, त्यावर रबराची मऊ टोपी. त्यातून दोन बारीक स्वर एकदम कानात सोडतात. आतल्या कानातला शंख, म्हणजे ऐकण्याचा गोगलगायीसारखा अवयव, ठीक असेल तर तिथल्या केसपेशी (केसांसारखे तंतू असलेल्या पेशी) त्यातून तिसराच स्वर तयार करतात, तो उलटा बाहेर येतो आणि प्रोबमधला माईक तो टिपतो. कान असा स्वतः आवाज टाकतो, हे १९७८ साली डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञानं दाखवलं. हा आवाज कुजबुजीपेक्षाही हळू. आणि आमच्या भिंतीपलीकडे माईकवर "टोकन नंबर त्रेचाळीस!" स्क्रीनवर गोंगाटाची पट्टी वर चढायची आणि मशीन थांबायचं. त्रेचाळीस झाला, चव्वेचाळीस झाला. तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी या, बाळाला झोपवून आणा."

पुढच्या बुधवारी झोपवून नेलं. रिक्षात गाढ झोपलेलं पोर दारात पोचताच टक्क जागं. रडणाऱ्या बाळाचा स्वतःचाच आवाज एवढा की मशीनला बाकी काही ऐकूच येईना. शिवाय ताईंनी कानात डोकावून विचारलं, "तेल घालता का?" आई गप्प. टाळूबरोबर कानातही दोन थेंब जात होते. कानाच्या नळीत तेल किंवा मळ असला तर स्वर आत जातही नाही आणि बाहेर येतही नाही. जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत रेफर (म्हणजे मशीनला कानाचं उत्तर न मिळणं) येण्याचं कारणही बऱ्याचदा नळीतला चिकट थर किंवा मधल्या कानातलं पाणी असतं, हेही तेव्हा कळलं. चिठ्ठीवर ही एक ओळ लिहिली असती तर माझ्या किती रात्री वाचल्या असत्या!

तिसरा बुधवार, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला, धो धो पाऊस. या वेळी मी हट्टाला पेटले. बाळाला दोन तास झोपू दिलं नाही, दूधही तिथंच जाऊन पाजलं. एक वाजता काउंटर जेवायला बंद होतं हे आधीच हेरून ठेवलं होतं. ताई डबा उघडत होत्या. म्हटलं, "ताई, दहाच मिनिटं." त्यांनी डबा झाकला, पंखा बंद केला, प्रोबची मोठी टोपी काढून लहान बसवली, कानाची पाळी हळूच खाली-मागे ओढून प्रोब आत सरकवला. स्क्रीनवर चार खुणांच्या जागा. एक आली. दुसरी. तिसरी रिकामीच राहिली, मी श्वास रोखून. चौथी आली. त्यांच्या मशीनवर चारात तीन म्हणजे पास. मी तिथंच रडले आणि बाळ उठलं.

हे आधीच सांगायला हवं होतं: बाळ पाचपेक्षा जास्त दिवस काचेत असेल तर नुसत्या या तपासणीवर विसंबू नका, बेराही (कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची तपासणी) करून घ्या. हे मशीन शंखापर्यंतच बघतं, पुढच्या नसेचं त्याला कळत नाही. माझ्या जावेचं बाळ दहा दिवस काचेत होतं, तिला मी आत्ताच पाठवलंय. पहिली तपासणी महिन्याच्या आत, दोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे वेळापत्रक सांभाळा.

तिलाही म्हटलंय, एक वाजता पोच आणि प्लायच्या भिंतीपासून लांबच्या खुर्चीवर बस.