पाटीवर नसलेली माणसं

रविवार, रात्री साडेदहा

टोकियोतल्या निशिकासाईहून तोझाई मेट्रो लाइनने थेट कुदानशिता. तीन वर्षं त्याच स्टेशनवरून ऑफिसला जातेय, पण यासुकुनी या युद्धात मेलेल्या जपानी सैनिकांच्या देवस्थानातल्या युशुकान युद्धसंग्रहालयात आज पहिल्यांदा शिरले.

दारातून आत गेल्यागेल्या झिरो हे जपानी लढाऊ विमान आणि जवळच वाफेचं इंजिन, सी५६, ३१ नंबरचं. काळं कुळकुळीत, घासूनपुसून ठेवलेलं. १९४३ मध्ये थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेच्या उद्घाटनाला हेच धावलं. पाटी फोनवर भाषांतर करून दोनदा वाचली. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ४१५ किलोमीटरचा तो मार्ग टाकताना १२,०००हून जास्त युद्धकैदी मेले आणि त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर. मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ लोकही त्यांत होते. आपली माणसं. त्यांच्याबद्दल मला तिथे एक ओळ सापडली नाही. चाकांकडे बघत कितीतरी वेळ उभी होते.

बाहेर राधाबिनोद पाल यांचं स्मारक आहे, २००५ मध्ये उभारलेलं. परक्या देशात आपल्या न्यायाधीशाचा एवढा मोठा फोटो! ऊर भरून आला. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवणारे ते एकटे. पण जपानी सैन्याने अत्याचार केल्याचा पुरावा भरभक्कम आहे, हेही पालांनी त्याच निकालपत्रात लिहिलं होतं. इथे त्यांच्यातला सोयीचा तेवढा भाग ठेवलाय, हे लक्षात आल्यावर तो अभिमान घशाखाली उतरेना.

परतताना नगरचं रणगाडा संग्रहालय डोळ्यांसमोरून हलेना. सहावीची सहल. १९६५च्या युद्धात पकडलेला पाकिस्तानचा पॅटन रणगाडा, उन्हात तापलेलं त्याचं पोलाद, आणि बाईंनी सांगितलेली, असे पॅटन उडवणाऱ्या अब्दुल हमीद यांची गोष्ट. अंगावर काटा आला होता. आजही येतो, यायलाच हवा. पण त्या लढाईत पंजाबातल्या असल उत्तर या गावाजवळ पॅटनचा खच पडला तरी जवळचं खेमकरण युद्धबंदीनंतरही पाकिस्तानच्याच ताब्यात होतं, हे मला कळायला तिशी उजाडली. सीमेपलीकडे त्याच युद्धातली चविंड्याची लढाई विजय म्हणून सांगतात. तिथल्या सहावीतल्या मुलीला असल उत्तर कोण सांगत असेल?

लेक झोपलाय. त्याला आगगाड्यांचं वेड, म्हणजे ते इंजिन दाखवायला न्यावंच लागेल. रबराच्या मळ्यांतल्या माणसांचं तिथेच, इंजिनासमोर उभं राहून सांगेन. आणि दिवाळीत नगरला गेलो की पॅटनसमोर खेमकरणचं.