एस्पेरांतो : पाच महिन्यांनंतरचा हिशेब

आज पहिल्यांदाच कोशाची मदत न घेता एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत पानभर मजकूर लिहिला आणि तपासताना त्यात सात चुका सापडल्या. त्यांपैकी पाच एकाच अक्षराच्या होत्या. या भाषेत कर्माला शेवटी ‘न’ जोडावा लागतो आणि तो माझ्याकडून हटकून राहून जातो. कारण शोधताना लक्षात आले की दोष मराठीच्या सवयीचा आहे. ‘मी मुलाला पाहते’ म्हणताना आपण ‘ला’ लावतो, पण ‘मी पुस्तक वाचते’ म्हणताना पुस्तकाला काहीच लावत नाही, आणि मी विसरते तेही नेमके निर्जीव वस्तूंपाशीच. एस्पेरांतो सजीव-निर्जीव असा भेद करत नाही. तिथे ‘मी लेगास लिब्रोन’ असेच म्हणावे लागते. (‘मी’ तिकडेही ‘मी’च आहे, याचा पहिल्या दिवशी उगाचच आनंद झाला होता.)

ही वही पाहून ताईने विचारले, “अगं, पण ही भाषा बोलायला तुला माणूस तरी भेटणार आहे का?” तिला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून इथे मांडून पाहते.

नोकरीसाठी, परदेशी शिक्षणासाठी किंवा व्यापारासाठी एस्पेरांतो शिकण्यात अर्थ नाही, हे आधी मान्य करायला हवे. ही राजभाषा असलेला एकही देश नाही. बोलणाऱ्यांच्या संख्येचे अंदाज काही हजारांपासून वीस लाखांपर्यंत पसरलेले आहेत, आणि यातला मोठा आकडा खरा धरला तरी ही माणसे जगभर इतकी विखुरलेली आहेत की रस्त्यात सहज गाठ पडण्याची शक्यता नाही. एस्पेरांतो आधी शिकल्याने पुढे फ्रेंचसारखी भाषा लवकर येते, असा युक्तिवाद तिचे पुरस्कर्ते करतात. तो मला पटत नाही, कारण ज्याला फ्रेंच हवी आहे त्याने ते महिने फ्रेंचलाच द्यावेत हे सरळ आहे.

तरीही पाच महिने वाया गेले असे वाटत नाही, आणि याचे कारण शब्द घडवण्यात आहे. ‘साना’ म्हणजे निरोगी. त्याच्या आधी उलट अर्थाचा ‘माल’ लावला की ‘मालसाना’, म्हणजे आजारी. व्यक्तिवाचक ‘उल’ जोडला की ‘मालसानुलो’, म्हणजे रुग्ण. आणि स्थळवाचक ‘एय’ आला की ‘मालसानुलेयो’, म्हणजे रुग्णालय. नामाचा शेवट ‘ओ’, विशेषणाचा ‘आ’, वर्तमानकाळाचा ‘आस’, भूतकाळाचा ‘इस’ आणि भविष्यकाळाचा ‘ओस’, या नियमांना अपवाद नाहीत. त्यामुळे कोशात नसलेला शब्द आपण बनवला तरी समोरच्याला तो उलगडतो, आणि ‘असे कोणी म्हणत नाही’ हे वाक्य ऐकावे लागण्याची भीती बरीच कमी होते. शाळेपासून इंग्रजी बोलताना सतत कोणाच्या तरी घरात पाहुणी म्हणून वावरल्यासारखे वाटत आले. ते अवघडलेपण या भाषेत मला पहिल्या महिन्यातच जाणवेनासे झाले.

हे अपघाताने घडलेले नाही. ही भाषा घडवणारे लुडविक झामेनहॉफ 1859 साली रशियन साम्राज्यातल्या ब्यालिस्टॉक गावी जन्मले. पोलिश, रशियन, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे समाज तिथे एकमेकांकडे संशयाने पाहत, आणि कोणा एकाचीच नसलेली भाषा हवी ही कल्पना त्यांच्या मनात त्या वातावरणातून आली. व्यवसायाने नेत्रवैद्य असलेल्या या माणसाने 1887 साली वॉर्सात या भाषेचे पहिले पुस्तिकावजा पुस्तक काढले तेव्हा ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर, असे टोपणनाव घेतले, आणि ही भाषा सर्वांची असल्याचे सांगून तिच्यावरील स्वतःचे सर्व हक्क सोडून दिले. 1905 साली फ्रान्समधल्या बुलोन-स्युर-मेर येथे पहिले जागतिक अधिवेशन भरले, तोवर बहुतेकांनी एकमेकांशी केवळ पत्रव्यवहार केला होता. तिथे निरनिराळ्या देशांची माणसे समोरासमोर बोलली आणि त्यांना एकमेकांचे समजले. पुढे हिटलर आणि स्टालिन या दोघांच्याही राजवटींनी एस्पेरांतोवाद्यांचा छळ केला. झामेनहॉफ यांची तिन्ही मुले नाझींच्या हातून मारली गेली. ज्या भाषेकडे सैन्य नाही, सरकार नाही, तिची एवढी धास्ती का वाटावी, हा प्रश्न मला व्याकरणाइतकाच रोखून धरतो.

पण ‘कोणाचीच नाही’ हे पूर्णपणे खरे मानता येत नाही. तिचे मूळ शब्द बहुतांशी युरोपीय आहेत, त्यामुळे इटालियन माणसाला अर्धा शब्दसंग्रह ओळखीचा वाटतो आणि मला तो पाठ करावा लागतो. ‘पात्रो’ म्हणजे वडील आणि त्यालाच स्त्रीलिंगी ‘इन’ जोडून ‘पात्रीनो’ म्हणजे आई, हे तर अजूनही खटकते. आईसाठी स्वतंत्र मूळ शब्द द्यायला काय हरकत होती, असे दर वेळी मनात येते. उलट, प्रश्नार्थक शब्दांच्या कोष्टकात घरच्यासारखे वाटते : ‘कियाम’ म्हणजे केव्हा, ‘तियाम’ म्हणजे तेव्हा, ‘किए’ म्हणजे कुठे, ‘तिए’ म्हणजे तिथे. मात्र ‘जेव्हा’साठी वेगळे रूप नसून तिथेही ‘कियाम’च वापरावे लागते, म्हणजे आखून-रेखून घडवलेल्या भाषेपेक्षा या एका बाबतीत मराठीच अधिक शिस्तशीर निघाली!

तेव्हा ताईला सांगायचे ते असे, की ज्याच्याकडे रोजची अर्धी-पाऊण तास फुरसत आहे, ज्याला भाषेची यंत्रणा उघडून पाहण्याची हौस आहे आणि ज्याला दूरच्या अनोळखी माणसाशी पत्रातून बोलायला आवडते, त्याने ती जरूर शिकावी. जिला एकच परकी भाषा शिकण्याइतका वेळ आहे, तिने दुसरी निवडावी. माणूस भेटेल का, हा तिचा प्रश्न मात्र राहतोच. एस्पेरांतो बोलणाऱ्या प्रवाशांना आपल्या घरी विनामूल्य उतरू देणाऱ्यांची ‘पास्पोर्ता सेर्वो’ नावाची यादी 1974 पासून चालू आहे. ती वापरायची तर आधी मला न अडखळता चार वाक्ये बोलता यायला हवीत.

आत्ता पान पुन्हा नव्याने लिहून काढले. पाचही ठिकाणचे ‘न’ जागेवर आले. फक्त शेवटच्या ओळीत, ‘हे पुस्तक आहे’ म्हणताना, जिथे कर्मच नाही तिथेही मी ‘तिओ एस्तास लिब्रोन’ असे लिहून ठेवले आहे.