"फळ येतं ना?" या एका प्रश्नात माझं दीड वर्ष गेलं

आधीच सांगते, हे लिहिताना मी अजून थोडी चिडलेलीच आहे, त्यामुळे सल्ले क्रमाने येतील याची खात्री नाही. घरच्या बागेत एक केळ लावायची, तीही खायच्या फळाची, एवढंच ठरवलं होतं. जागा बघणं, खड्डा, खत, पाणी हे सगळं दोन दिवसांत उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडकले ते रोप निवडताना, आणि अडकलेय हे कळायलाच चार महिने लागले.

नर्सरीत दोन रोपं शेजारी शेजारी ठेवलेली, दोन्ही गुडघ्याच्या खाली, दोन्हींच्या हिरव्या पानांवर लालसर तांबूस डाग. दोन्हींना एकच टॅग, त्यावर पिवळ्या केळ्यांच्या घडाचा फोटो आणि खाली "केळ (बुटकी)". बस. जात नाही, शास्त्रीय नाव नाही, काही नाही. मी विचारलं, "याला फळ येतं ना?" तर तिथला मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, केळीला केळी नाही येणार तर काय येणार?" मला इतकं पटलं ते की मी त्यातलं जास्त रंगीत दिसणारं उचललं आणि घरी आले. आता वाटतं, तिथेच थांबून अजून एक प्रश्न विचारला असता तर हे सगळं झालंच नसतं.

प्रश्नच चुकीचा होता. फळ शोभेच्या केळींनाही येतं! काहींना तर इतकं सुंदर येतं की बघत बसावं. विचारायला हवं होतं, "बिया असतात का, आणि जातीचं नाव काय?" खायची केळी बहुतेक बिनबियांची असतात, परागीभवन न होताच त्यांची फळं भरतात, आणि केळ्यात मधोमध जे बारीक काळे ठिपके दिसतात ते कधी बी न झालेले बीजांड असतात. खायच्या बहुतेक जाती मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बालबिसियाना या दोन रानटी केळींपासून आल्या आहेत. आता गंमत बघा, माझ्या बागेत जे उगवलं तेही मुसा अक्युमिनाटाच होतं, फक्त रानटी बाजूचं. म्हणजे नुसतं "मुसा अक्युमिनाटा" असं लिहिलेला टॅग मिळाला असता तरी मी फसलेच असते, पुढचा शब्द महत्त्वाचा.

तर चार महिन्यांनी काय झालं. रोप कमरेच्या वर गेलं, जोमदार, रोज सकाळी पोंगा (गुंडाळलेलं नवीन पान) अजून थोडा उलगडलेला दिसायचा आणि मी प्रत्येक नव्या पानावर मार्करने तारीख लिहायचे (हो, मी असली माणूस आहे). उबदार दिवसांत आठवड्या-दहा दिवसाला एक पान यायचं. सगळं छान, फक्त लाल डाग काही जाईनात. मी शोधलं तर सगळीकडे हेच की बुटक्या कॅव्हेंडिशच्या (बाजारातली नेहमीची खायची जात) कोवळ्या टिश्यू कल्चर रोपांवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांवर, असे डाग असतातच, घाबरू नका. माझा जीव भांड्यात पडला. पुढचं वाक्य मी वाचलंच नाही किंवा वाचायचं नव्हतं म्हणून वाचलं नाही, ते असं की हे डाग रोप मोठं होताना जातात, नवीन पानं स्वच्छ हिरवी येतात. माझ्याकडे नवीन पान जुन्यापेक्षा जास्त लाल! वरून पट्टे, आणि पान उलटं करून बघितलं तर खालची बाजू जवळजवळ जांभळी.

आई आली होती तेव्हा तिने पान उलटं करून बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे खायचं नाही वाटत मला." मी म्हटलं, "आई, तुला काय माहीत, ही नवीन जात आहे." नवीन जात! कुठून आलं माझ्या तोंडात कोण जाणे.

मग मी पानाचे वरून-खालून फोटो काढून नर्सरीत गेले. तोच मुलगा. "ही शोभेची तर नाही ना?" तर म्हणे, "शोभा पण आहे मॅडम, फळ पण येतं." पुन्हा तेच वाक्य! मग मी त्यांच्या तक्रारीच्या नंबरवर सगळे फोटो पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं की फोटोवरून सांगता येत नाही, फूल आल्यावर फोटो पाठवा. बरं. तिथून आठ महिने मी फुलाची वाट बघितली, आणि ती वाट म्हणजे काय असते ते ज्याने केळ लावली त्यालाच कळेल. केळीचं खोड म्हणतो ते खोड नसतंच, पानांच्या आवरणांचे थर असतात एकावर एक, खरं खोड जमिनीत, कंद. फुलाचा दांडा त्या कंदातून निघून या थरांच्या आतून वर चढतो, म्हणजे तो निघालाय हे बाहेरून काही दिसत नाही. शेवटचं पान एकदम छोटं, आखूड येतं, ते आलं की समजायचं आता फूल. मी प्रत्येक पान आधीच्या पानाच्या शेजारी धरून बघायचे की हे आखूड आहे का. घरात सगळे हसायचे.

अखेर बाराव्या महिन्यात ते आखूड पान आलं आणि मागोमाग फूल. आणि फूल वर ताठ न राहता खाली झुकलं! मी पुन्हा खूश, कारण कुठेतरी वाचलं होतं की शोभेच्या केळीचं फूल वर ताठ उभं राहतं आणि खायच्या केळीचं खाली लोंबतं. हा नियम अर्धाच खरा आहे हे आता सांगते. मुसा ऑर्नाटा, मुसा व्हेलुटिना, लाल फुलाची मुसा कॉक्सिनिया, यांची फुलं उभी असतात हे खरं, पण शोभेच्या सगळ्याच केळींची नाही, आणि उलट बाजूने पॅसिफिक बेटांवर फेई नावाची खायची केळी आहेत त्यांचे घड चक्क वर तोंड करून उभे असतात. म्हणजे फूल लोंबलं म्हणून नाचू नका.

फोटो पाठवला. उत्तर काय आलं माहितीये? "रोप बदलून देण्याची मुदत 30 दिवसांची आहे, ती संपलेली आहे." मी तो मेसेज तीन वेळा वाचला. अहो, 30 दिवसांत ते रोप गुडघ्याएवढं होतं, तेव्हा तुम्हालाच सांगता येत नव्हतं, तुम्हीच म्हणालात फूल येऊ द्या, फूल येईपर्यंत मुदत संपली! मी लांबलचक उत्तर टाइप केलं आणि पाठवलं, त्यावर "तुमची तक्रार नोंदवली आहे" एवढंच आलं, आणि नंतर शांतता. पैशांचं काही नाही हो, रोपाची किंमत विसरले मी, पण ते वर्ष परत कोण देणार?

फळं धरली, पण बोटाएवढीच राहिली. मी पोटॅश वाढवलं, पाणी वाढवलं, काही फरक नाही. फूल आल्यावर घड भरायला साधारण तीन-चार महिने लागतात म्हणून तेवढेही थांबले. एक पिकलेलं तोडलं, सोललं, आणि बघायचं सोडून सरळ चावा घेतला. कटकन आवाज. आत काळ्या, टणक, टोकेरी बिया खचाखच, मिऱ्यांएवढ्या, आणि त्यांच्याभोवती गराचा पातळसा थर, गोड होता हे मान्य, पण चोखून काढायचा. दात शाबूत राहिला. आईला फोन केला तर तिने "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही, फक्त "बरं" म्हणाली, ते जास्त लागलं.

तर हे होतं झेब्रिना. लाल पट्ट्यांची शोभेची केळ. आणि खरं सांगू का, झाड म्हणून अप्रतिम आहे, सकाळचं ऊन मागून आलं की पान दिव्यासारखं पेटतं. शोभेची म्हणून आणलं असतं तर मी कौतुक करत फिरले असते. आता तिला पाच पिलं (बुंध्याशी फुटणारी नवी रोपं) आलीत, प्रत्येकीच्या कुंडीवर मी "बिया आहेत, पानांसाठी ठेवा" असं ठळक लिहून ठेवलंय, कुणाला देईन तर टॅगसकट देईन.

यातून जे शिकले ते आठवेल तसं. बियांचं पाकीट घेऊ नका, म्हणजे खायची केळी हवी असतील तर. खायची केळ बीपासून मिळत नाही, पिलांपासून किंवा टिश्यू कल्चरनेच वाढवतात, त्यामुळे पाकिटावर निळ्या केळ्यांचा फोटो असो की सोनेरी, आत शोभेचं किंवा रानटी काहीतरी असणार, आणि तेही रुजायला आठवडे काय, महिनेही घेतं. शोभेसाठीच हवं असेल आणि जागा कमी असेल तर व्हेलुटिना घ्या, फार मोठी होत नाही, कुंडीत चालते, गुलाबी, लव असलेली फळं येतात आणि पिकली की आपोआप साल उलगडून उघडतात, बघायला भारी, आत बियाच.

एन्सेट या केळीच्या भाऊबंद झाडाबद्दल मात्र सावध. लाल पानांची, बुंध्याशी फुगलेली, भव्य दिसते, नर्सरीत सगळ्यात आधी नजर तिच्याकडेच जाते. पण तिला सहसा पिलं येत नाहीत. केळीचं कुठलंही खोड एकदाच फुलतं आणि मरतं, पण बाकीच्यांची पिलं मागे उरतात, एन्सेट फुलली की संपली. (इथिओपियात तिचं फळ नाही तर कंद आणि खोडातला भाग खातात, तो वेगळाच विषय.) आणि जिथे कडक थंडी पडते तिथे मुसा बास्जू लावतात, पानं हिमाने जळली तरी कंद झाकून ठेवला तर पुन्हा फुटते, फळ मात्र खाण्यासारखं नाही. थंड ठिकाणी खायची केळी हवीच असतील तर काचघर लागतं, कॅव्हेंडिशचं नाव पडलं तेच मुळी 1830 च्या दशकात इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या काचघरात वाढवलेल्या झाडावरून, तिथल्या ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश.

हो, आणि एक राहिलं, पीलच घेणार असाल ओळखीच्या कुणाकडून, तर ज्या झाडाची फळं तुम्ही स्वतः खाल्लीत त्याचंच घ्या. याच्याइतकी पक्की खात्री कुठलाही टॅग देत नाही. अरुंद, तलवारीसारख्या पानांचं पील घ्यायचं, रुंद पानांचं दिसायला गुटगुटीत असतं पण त्याचं कंदाशी नातं कच्चं असतं, जोम धरत नाही. पानं आखडून झुपक्यासारखी झालेल्या झाडाचं तर अजिबात नको, तो पर्णगुच्छ नावाचा विषाणू असतो, मावा पसरवतो आणि पिलांतून पुढे येतो. टिश्यू कल्चर रोपाचा फायदा हाच की बहुतेक रोग सोबत येत नाहीत, फक्त जातीचं नाव लेखी मागा. पावतीवर लिहून घ्या. माझ्यासारखं तोंडी नको.

खायच्या केळीला शोभेच्या केळीपेक्षा जास्त द्यावं लागतं, हेही कुणी सांगत नाही. भरपूर ऊन, निदान सहा तास, सतत ओल पण साचलेलं पाणी नाही, पोटॅश, आणि वारा अडवणारं काहीतरी, नाहीतर पानं चिंध्या होतात. कुंडीत लावणार असाल तर बुटकी जातच, आणि 50 लिटरपेक्षा लहान कुंडीचा विचारही करू नका. पिलं सगळी ठेवली की घड लहान होतो, म्हणून आई, लेक आणि नात अशी तीनच ठेवायची, बाकी काढायची. शोभेच्या केळीत मात्र गर्दी झाली तरी बिघडत नाही, उलट भरगच्च दिसते.

दुसरं रोप आणून आता साडेतीन महिने झालेत. दुसरीकडून आणलं, पावतीवर "ड्वार्फ कॅव्हेंडिश, टिश्यू कल्चर" असं लिहून घेतलं, लिहिणाऱ्या बाईंनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं पण लिहिलं. याच्याही कोवळ्या पानांवर लाल डाग होते आणि पहिले काही आठवडे माझी झोप उडाली होती, रोज पान उलटं करून बघायचे. नववं पान थोडं कमी डागाचं आलं. अकराव्यावर दोनच ठिपके. काल सकाळी पोंगा उलगडला तो पूर्ण हिरवा, वरून आणि खालूनही. आईला फोटो पाठवलाय दोन्ही बाजूंचा.