ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील एक जागरण

पणजी, २४ मार्च

उद्या गाब्रिएल दूताने मरियेला दिलेल्या संदेशाचा सण, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी येणारा. म्हणूनच न जन्मलेल्या बालकांसाठीची रात्रप्रार्थना आमच्या तरुणांच्या गटाने आजच ठेवली. मी मूळची वसईची, नोकरीनिमित्त येथे आलेली, त्यामुळे सर्वांचा तेर्स (जपमाळेची प्रार्थना) कोकणीत चालला असता माझी जपमाळ मनातल्या मनात मराठीतच पुढे सरकते.

तयारीच्या बैठकीत दोन मते पडली होती. टेक्सासमध्ये २००४ साली सुरू होऊन अनेक देशांत पसरलेल्या ४० दिवसांच्या गर्भपातविरोधी मोहिमेप्रमाणे आपणही दवाखान्याबाहेर उभे राहून प्रार्थना करावी, असे काहींचे म्हणणे होते. मला ते पटले नाही. गर्भातील जीव माणूसच आहे, ही माझी श्रद्धा कोणाहून उणी नाही. परंतु दवाखान्याची पायरी चढणारी बाई घरच्यांच्या धाकाने आली आहे, गर्भातील व्यंगाचा अहवाल घेऊन आली आहे की केवळ रक्त तपासायला, हे रस्त्यावरून कसे कळावे? त्यातून गोव्यात चार घरांपलीकडे ओळख निघतेच. आमची मूक रांगसुद्धा तिला पंचाईतच वाटली असती. अखेर कपेलात (छोट्या प्रार्थनामंदिरात), परमप्रसादासमोर, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेल्या पवित्र भाकरीसमोर, बसायचे ठरले.

आळीपाळीने आराधना चालू असताना बाहेरून रोमटामेळाच्या, म्हणजे ढोलांच्या तालावरील मिरवणूक-नाचाच्या, सरावाचे ढोल ऐकू येत होते (शिगमो, म्हणजे गोव्याचा शिमगा, काही आमच्यासाठी थांबणार नव्हता). मधल्या चहाच्या वेळी विषय कायद्यावर आला: १९७१ चा गर्भपाताचा कायदा, २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी २० वरून २४ आठवडे झालेली मुदत. तेव्हा एरवी गप्प असणारा एक विद्यार्थी म्हणाला, "अविवाहित मुलीला दिवस गेले, तर तिला सर्वांत आधी भीती कोणाची वाटते? कायद्याची की आपल्या आईबापांची?"

त्यानंतर फादरांनी पोप जॉन पॉल दुसरे यांच्या, १९९५ साली याच सणाच्या दिवशी निघालेल्या परिपत्रकातील गर्भपात केलेल्या स्त्रियांना उद्देशून लिहिलेला भाग वाचला. त्यात दटावणी नाही. खचू नका, आशा सोडू नका, असे सांगितले आहे. आमच्या प्रार्थनापत्रिकेत मात्र या स्त्रियांसाठी एकही विनंती नव्हती, ती तेथेच पेन्सिलीने लिहून घेतली.

शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेनंतर पुन्हा बैठक आहे. दिवस गेलेली अशी एखादी अविवाहित मुलगी बाळंतपणापर्यंत आपल्यापैकी कोणाच्या घरी राहू शकेल, हे तेथे नावानिशी विचारायचे आहे. त्याआधी वसईला आईला फोन करायला हवा.