आमच्याच तारप्यावर कॉपीराइट क्लेम

मी साउंड एडिटर. जव्हारकडच्या एका पाड्यातल्या वारली पोरांचं चॅनल आहे, लग्नात विधीची गाणी म्हणणाऱ्या धवलेरींची गाणी, तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य असं सगळं ते मोबाइलवर शूट करतात आणि आवाज नीट करायला माझ्याकडे पाठवतात. तारपा साफ करणं म्हणजे डोक्याला ताप. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, आणि वाजवणारा श्वास न तोडता वाजवतच राहतो, म्हणजे कट मारायला जागाच नाही. त्यात नॉइज रिडक्शन लावलं की सॉफ्टवेअरला तो सलग घुमणारा सूरच पंख्याची घरघर वाटते आणि आधी तोच खाऊन टाकतं! मग ते बंद करून ईक्यूवर, म्हणजे आवाजातले जाड-बारीक पट्टे कमी-जास्त करायच्या टूलवर, हातानेच गाळत बसायचं. म्युझिकवाले मित्र म्हणतात, एवढं कशाला, खाली एक बीट टाक. काय बोलणार यांना.

तर एका पोराचा फोन, "दादा, आपल्या व्हिडिओवर क्लेम आलाय." बघतो तर कुणा डीजेने याच चॅनलवरचा तारपा उचलून रिमिक्स केलेला, तो रजिस्टरही केलेला, आणि आता साइटचं कॉपी ओळखणारं मशीन म्हणतंय मूळ व्हिडिओच चोरीचा. दोन्ही वेव्हफॉर्म एकाखाली एक लावल्या. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे कोंबडा आरवतो, रिमिक्समध्येही तो तिथेच!

क्लेमला उत्तर द्यायच्या फॉर्ममध्ये हक्कदार म्हणून एकच नाव भरायचं. पोरं म्हणाली, वाजवणाऱ्या बाबांचं टाका. बाबा म्हणे माझं कसं, बाप वाजवायचा, पलीकडच्या पाड्यातही हीच चाल वाजते, उद्या ते भांडायला आले तर? वारली चित्रांना २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण जीआय वस्तूला असतं, चालीला नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा रेकॉर्डिंग करणाऱ्याला ओळखतो, वाजवणाऱ्यालाही थोडंफार, अख्ख्या पाड्याला बसवायला त्यात जागा नाही. शेवटी शूट करणाऱ्या पोराचं नाव टाकलं, कोंबड्यासकट पुरावा दिला, क्लेम उठला. रिमिक्स मात्र अजून वाजतोय.

बाबांना त्याचा राग नाहीच. त्यांची तक्रार आमच्यावर, नाचणारे अजून गोल फिरतायत आणि तुम्ही तीन मिनिटांत तारपा बंद करता. पोरं म्हणतात लांब व्हिडिओ कोण बघतं. पूर्ण फाइल मी वेगळी ठेवलीय, ती चॅनलवर टाकायची की नुसती पाड्यात पेनड्राइव्हवर फिरवायची, यावर त्यांचं अजून वाजतंय.